गॅस डिस्टिलरीचा, चिमणी तुमची

प्रश्न : सोलापूरजवळ आमचा फोर्जिंगचा कारखाना आहे. फर्नेस ऑइल परवडेना, म्हणून दोन वर्षांपासून शेजारच्या डिस्टिलरीचा बायोगॅस भट्टीत जाळतो. ताशी 300 घनमीटर. त्यांच्याच रिपोर्टात 2 टक्के हायड्रोजन सल्फाइड दिसतो. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली : संमतीपत्रात (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीत) हे इंधन नाही, धुरात सल्फर डायऑक्साइड जास्त, 15 दिवसांत खुलासा करा. भट्टीवरच्या पोरांच्या चांदीच्या अंगठ्याही काळ्या पडतात. खराब गॅस त्यांनी दिला, मग दोष आमचा कसा?

उत्तर : आधी अंगठ्यांचं बोलू. चांदी काळी करतो तो न जळलेला हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे चिमणीच्या आधीच, शेडमध्ये कुठेतरी गळती आहे. हा वायू विषारी, शिवाय हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो; प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणून गळती थांबली असं कृपा करून समजू नका. आज व्हॉल्व्ह बंद करा, माणसं बाहेर काढा. खुलासा उद्या लिहिता येईल.

‘गॅस त्यांचा’ हा बचाव मंडळापुढे टिकणार नाही. वायुप्रदूषण कायदा, 1981 धूर सोडणाऱ्याला धरतो. इंधन बदललं तेव्हाच संमतीपत्रात दुरुस्ती करून घ्यायला हवी होती. 1 एप्रिल 2024 पासून दंड 10 हजार ते 15 लाख रुपये आहे. पण मला जास्त धास्ती कलम 31अ ची वाटते : त्याखाली कारखाना बंद करण्याचा, लाइट-पाणी तोडण्याचा आदेश निघू शकतो.

आकडाही तुमच्या विरोधात आहे. 300 घनमीटरात 2 टक्के म्हणजे ताशी सुमारे 9 किलो हायड्रोजन सल्फाइड. जळल्यावर त्याचा 17 किलो सल्फर डायऑक्साइड होतो. चिमणीच्या उंचीचं सूत्र आहे 14 गुणिले सल्फर डायऑक्साइडच्या ताशी किलोंचा 0.3 वा घात. ते लावलं तर 33 मीटर येतात. तुमची चिमणी किती उंच आहे, ते पत्रात नाही. मोजून कळवा.

धुराचा नमुना तुम्हाला नोटीस देऊन, तुमच्यासमोर घेऊन सील केला होता का? कलम 26 ची ही पद्धत पाळली नसेल तर तो अहवाल कोर्टात पुरावा ठरत नाही. मुद्दा खुलाशात जरूर घ्या, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. कच्चा गॅस बंद केल्याची तारीख, स्क्रबरची (गॅस धुऊन हा वायू काढणाऱ्या यंत्राची) ऑर्डर आणि संमतीपत्र दुरुस्तीचा अर्ज हे तिन्ही सोबत जोडा. अर्ज नाकारला तर कलम 31 खाली 30 दिवसांत अपील करता येतं.

डिस्टिलरीशी हिशेब वेगळा. उसाच्या रसाला गंधकाची धुरी देतात, तो गंधक मळीतून स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, उतरतो आणि बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू त्याचा हा वायू करतात. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. भट्टीसाठी गॅस हवा असं सांगून, त्यांच्या जाणकारीवर विसंबून तुम्ही तो घेतला असेल, तर वस्तुविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 खाली भरपाई मागता येईल. मात्र करारात ‘आहे त्या स्थितीत’ असं काही लिहून तुम्ही सही केली असेल, तर दावा लंगडा पडतो. त्यांना पत्र धाडण्याआधी कराराची प्रत मला पाठवा.