पाडायचं की डागडुजी करायची?

प्रश्न : ताई, तुम्ही एनएचएलबद्दल, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगबद्दल, लिहिता म्हणून विचारतो. संघाचं नाव छापू नका, मित्र आधीच चिडवतात. गेल्या तीन हंगामांत आमचे गुण 91, 89 आणि 92. दोनदा प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) थोडक्यात हुकला, एकदा पहिल्याच फेरीत पाच सामन्यांत गाशा गुंडाळला. कर्णधार 33 वर्षांचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक. त्याच्या कराराची पाच वर्षं बाकी आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही. गोली (गोलरक्षक) 34 वर्षांचा. ट्रेड डेडलाइनला, म्हणजे हंगामात खेळाडूंची अदलाबदल करायच्या शेवटच्या तारखेला, आम्ही दोनदा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) देऊन बसलो. चांगलं म्हणावं असं काय, तर 23 वर्षांचा एक सेंटर आणि 21 वर्षांचा एक डिफेन्समन. बाबा म्हणतात सगळं पाडा, रिबिल्ड करा. मी म्हणतो रीटूल पुरे, नुसती डागडुजी. रोज जेवताना हाच विषय. कोणाचं बरोबर? (मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन, अरेतुरे केलंत तरी चालेल.)
– एक वैतागलेला पाठीराखा

उत्तर : बाबांचा राग खरा आहे, पण माझं मत तुझ्याकडे. फक्त ‘रीटूल पुरे’ हे तू ज्या सहजपणे म्हणतोस ना, त्यातला ‘पुरे’ मला खटकला.

आधी माझं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल. 1995 पासून मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. आम्ही आलो तेव्हा इथला संघ, रेड विंग्ज, प्लेऑफला नसेल ही कल्पनाच इथे कोणाला शिवत नव्हती. 1991 ते 2016, सलग 25 हंगाम प्लेऑफ. त्यात 1997, 1998, 2002 आणि 2008 असे चार स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं. बरं, ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कोणी सोन्याचा मुलगा सापडला म्हणून हे झालं नव्हतं. संघाचे खांब कितव्या क्रमांकावर निवडलेले बघ: लिडस्ट्रॉम 53वा, दात्सुक 171वा, झेटरबर्ग तर 210वा. आणि तोच झेटरबर्ग 2008च्या प्लेऑफमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. असं बघत आलेल्या गावाला वाटायला लागतं की इथेतिथे गिलावा केला की घर उभंच राहतं.

नाही राहिलं. 2005मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, आली, पहिल्या हंगामाला 3 कोटी 90 लाख डॉलरची. पैसे टाकून भोकं बुजवण्याचा मार्ग तिथे बंद झाला. आमची जुनी मंडळी निवृत्त होत गेली आणि व्यवस्थापनाने मधल्या फळीतल्या लोकांना लांबलचक करार दिले. जस्टिन एबडेलकेडर, मेहनती गडी, मला आवडायचा. त्याला 2015मध्ये सात वर्षांचा करार मिळाला, वर्षाला 42 लाख 50 हजार. 2020मध्ये तो भरपाई देऊन मोडीत काढावा लागला आणि त्याचा भार कॅपवर पुढचे सहा हंगाम राहिला. त्या वर्षी मी एक वही घातली. प्रत्येक खेळाडूला एक ओळ, पुढे येणाऱ्या हंगामांचे रकाने, रकान्यात पगार आणि कोपऱ्यात पेन्सिलने वय. नवरा हसतो. पण कंपनीच्या ताळेबंदात जे पानभर वाचून कळत नाही ते या वहीत एका नजरेत दिसतं.

तुझ्या संघाचं पान मी काल मांडलं. आजचा रकाना झाक आणि तिसऱ्या वर्षाचा बघ. कर्णधार तिथे 36चा, गोली 37चा. त्या रकान्यात तुमच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू कोण? मला तुमचा 23चा सेंटर दिसतो, तेव्हा 26चा, आणि त्याच्या मागे 24चा डिफेन्समन. बाबांना हेच विचार. सगळं पाडलं तर ड्राफ्टमध्ये ते काय शोधणार आहेत? एक सेंटर आणि एक डिफेन्समन! ते घरात आहेत. ही दोन नावं नसती, तिसऱ्या वर्षाचा रकाना कोरा दिसला असता, तर मी मुकाट्याने बाबांच्या बाजूला जाऊन बसले असते.

आता पाडण्याची किंमत. बाबांना वाटत असेल, दोन-तीन वर्षं तळाला राहू, वरचे पिक घेऊ, मग बघा. तळाला राहून काय मिळतं ते सोडतीवर आहे, पहिले पिक चिठ्ठी काढून ठरतात. आजच्या नियमांत शेवटून पहिला आलेल्या संघालाही पहिला पिक मिळण्याची शक्यता साधारण चारात एक. आमचंच बघ. 2019-20मध्ये रेड विंग्जनी 71 सामन्यांत 17 जिंकले, 39 गुण. लीगमध्ये इतर कोणी आमच्या जवळपासही नव्हतं. सोडतीत आम्ही चौथे. पहिला पिक गेला न्यूयॉर्क रेंजर्सना, जे त्या उन्हाळ्यात प्लेऑफची पात्रता फेरी खेळून आले होते. त्या संध्याकाळी मी टीव्ही बंद केला आणि भांडी घासली, एवढंच आठवतं. अर्थात चौथा पिक म्हणजे सर्वनाश असंही नाही. आम्हाला लुकास रेमंड मिळाला, चांगला निघाला. कोलोराडो 2016-17मध्ये 48 गुणांवर तळाला होता, तोही सोडतीत चौथ्यावर घसरला आणि तिथे त्यांनी उचललं केल मकारला. पाच वर्षांनी कप. पण त्यांच्याकडे मॅकिननसारखा सेंटर 2013पासून होता, हे लोक विसरतात.

आणि मग बफेलो. पाडण्याची गोष्ट निघाली की मी बफेलोचं नाव काढतेच, घरचे कंटाळलेत. 2011-12 ते 2024-25, सलग 14 हंगाम प्लेऑफ नाही. लीगच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कोणाचा नाही. पिक कमी पडले म्हणावं तर 2014मध्ये दुसरा, 2015मध्ये दुसरा, 2018मध्ये पहिला, 2021मध्ये पहिला. मग गेलं कुठे सगळं? 2014चा सॅम राइनहार्ट 2021मध्ये फ्लोरिडाला दिला. त्याने तिकडे एका हंगामात 57 गोल केले आणि 2024, 2025 असे दोन कप उचलले. 2015चा जॅक आयकेल मानेच्या शस्त्रक्रियेवरून संघाशी बिनसलं आणि वेगासला गेला. 2023ला कप, आणि त्या प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत) त्याचे. रायन ओ'रायली हा त्यांनी बाहेरून आणलेला सेंटर. 2018च्या एप्रिलमध्ये, आणखी एक हंगाम मातीत गेल्यावर, तो म्हणून गेला की या सगळ्यात खेळावरचं आपलं प्रेमच अधूनमधून हरवलं. जुलैमध्ये त्याला सेंट लुइसला पाठवलं. पुढच्या जूनमध्ये हातात कप, वर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू.

तीन माणसं, तीन वेगळे संघ, आणि तिघेही बफेलोच्या दारातून बाहेर पडल्यावरच जिंकले. बफेलोला माणसं ओळखता आली नाहीत असं कोण म्हणेल? ती टिकवता आली नाहीत. अठरा वर्षांचा पोरगा ड्रेसिंग रूममध्ये येतो आणि पाच वर्षं रोज हरणं बघतो. पंचवीसचा होतो तेव्हा त्याला दुसरीकडे जायचं असतं. वहीत याला रकाना नाही. (ओ'रायलीच्या बदल्यात आलेला टेज थॉम्पसन पुढे मोठा गोल करणारा झाला, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं.)

पाडताना चांगली वीटही राडारोड्यात जाते, ते वेगळंच. डिलन स्ट्रोम शिकागोत होता. 2022च्या उन्हाळ्यात शिकागोने पाडकाम काढलं आणि त्याला करार पुढे न्यायची ऑफरसुद्धा दिली नाही. वॉशिंग्टनने त्याला आपल्याकडे घेतलं. 2024-25मध्ये त्याचे 82 पॉइंट.

वॉशिंग्टन हे तुझ्यासाठीचं उदाहरण. 2022-23ला प्लेऑफ हुकला, पुढच्या वर्षी 91 गुणांवर कसेबसे आत शिरले आणि पहिल्या फेरीत चार-शून्यने बाहेर. कर्णधार ओव्हेच्किन 38चा. तुझ्या बाबांसारख्या हजारो बाबांनी तेव्हा ‘पाडा’ म्हटलं. त्यांनी काय केलं? 2024च्या उन्हाळ्यात गोली कुएम्पर देऊन सेंटर दुबॉ घेतला. जेन्सन आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक देऊन डिफेन्समन चिकरन घेतला. तिसऱ्या फेरीचे दोन पिक देऊन गोली लोगन थॉम्पसन घेतला. यात पहिल्या फेरीचा पिक कुठे दिसतो का बघ. पुढच्या हंगामात 111 गुण, पूर्व विभागात पहिले.

त्याच हंगामात पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर कोण आलं, तर मॉन्ट्रियल. 2021मध्ये अंतिम फेरी, 2022मध्ये लीगच्या तळाला, मग रीतसर पाडून बांधलेला संघ. पहिला पिक स्लाफकोव्स्की, आणि त्याच ड्राफ्टमध्ये 62व्या क्रमांकावर लेन हटसन, जो 2025चा सर्वोत्तम नवोदित ठरला. डागडुजीने पाडकामाला 4-1 हरवलं. बाबा म्हणतील मॉन्ट्रियलची पोरं अजून वाढतायत. खरंय, मीही पैज लावणार नाही. पण त्यांनी पाडताना सेंटर सुझुकी ठेवला आणि त्यालाच कर्णधार केलं, हे बाबांना सांग.

एवढं सगळं तुझ्या बाजूचं झालं. आता तुझे कान. दर वर्षी 90 गुणांच्या आसपास घुटमळणाऱ्या संघाला डेडलाइन जवळ आली की घाम फुटतो, आणि मग पहिल्या फेरीचा पिक देऊन तीन महिन्यांसाठी कोणीतरी 32 वर्षांचा विंगर आणला जातो. तुमच्याकडे हे दोनदा झालं. याला रीटूल म्हणू नकोस, ही उधारी आहे. येत्या डेडलाइनला तुम्ही प्लेऑफपासून चार गुण लांब असलात तर विकत घ्यायचं नाही, विकायचं. करार संपत आलेले तिशीपुढचे सगळे. कर्णधार राहील, त्याला जायचं असेल तर तो सांगेल, तुम्ही त्याला वर्तमानपत्रांतून ढकलू नका. त्याच्या हातातला पहिल्या फळीचा खेळ मात्र हळूहळू 23च्या पोराकडे द्या. गोली या उन्हाळ्यात बदला, पुढच्या नव्हे. आणि डिफेन्समनला आताच लांबचा करार द्या. कॅप 2024-25ला 8 कोटी 80 लाख होती, पुढच्या हंगामाला 9 कोटी 55 लाख झाली. आज महाग वाटणारा आकडा तिसऱ्या रकान्यात स्वस्त दिसतो. याच वाढीचा तोटा असा की सगळ्यांच्याच हातात पैसा असल्याने चांगला खेळाडू कोणी सहज सोडत नाही. वॉशिंग्टनसारखी स्वस्त खरेदी तुम्हाला जमेलच असं नाही. दोन वर्षं दे. दोन वर्षांनीही 90 गुणच असतील तर मला पुन्हा लिही, आणि पत्र बाबांकडून लिहून घे.

प्रश्न : तळाला जाण्यासाठी खेळाडू मुद्दाम हरतात का?

उत्तर : खेळाडू नाही. पुढच्या वर्षी आपली जागा घेणाऱ्या पोरासाठी कोण हरेल? हरायची सोय व्यवस्थापन करतं, चांगली माणसं विकून. बर्फावरचे लोक तेव्हाही जिवावर उदार होऊन खेळत असतात, आणि म्हणूनच ते प्रकरण बघवत नाही. 26 मार्च 2015ला बफेलोत ॲरिझोनाविरुद्ध सामना होता, तळाचे दोन संघ. सगळ्यांना हवा असलेला मॅकडेव्हिड त्या ड्राफ्टमध्ये येणार होता. जादा वेळेत सॅम गॅग्नरने ॲरिझोनासाठी विजयी गोल केला आणि बफेलोच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला. यजमान खेळाडूंचे चेहरे मी अजून विसरले नाही. बफेलो शेवटी तळालाच राहिला. सोडत निघाली, मॅकडेव्हिड गेला एडमंटनला, ज्यांनी 2010, 2011, 2012 असे ओळीने तीन पहिले पिक आधीच वापरले होते.

प्रश्न : नुसता गोली बदलून भागतं का?

उत्तर : एकदा भागलं. 3 जानेवारी 2019च्या सकाळी सेंट लुइस लीगमध्ये शेवटचे होते. काही दिवसांनी बिनिंग्टन नावाचा पोरगा गोलात पहिल्यांदा सुरुवातीपासून उभा राहिला, आणि जूनमध्ये ते कप घेऊन गेले. प्रशिक्षकही नोव्हेंबरमध्ये बदलला होता आणि ओ'रायली उन्हाळ्यातच आला होता, तेव्हा ‘नुसता’ हा शब्द तिथेही लागू नाही.

प्रश्न : संघ पाडायला काढला तर हंगामाची तिकिटं ठेवावीत की सोडावीत?

उत्तर : आम्ही दोघी मैत्रिणी अर्ध्या हंगामाची मिळून घेतो. 2019-20च्या त्या 17 विजयांपैकी मी प्रत्यक्ष पाहिले चार. तिकिटं ठेवा. पार्किंगचा पास मात्र सोडा. अशा वर्षी दारासमोर जागा मिळते.