पाळक साहेब दिल्लीला कसे गेले, आणि मी त्यांना मत का दिलं नव्हतं

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रेस्बिटर (म्हणजे पाळक) आहे, वय 33. मंडळीच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) सेवेतून पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या नेतृत्वात जायचं असेल तर मार्ग कोणता? पदव्या, इंग्रजी, ओळखी, नेमकं काय लागतं?"

"जायचं असेल तर" या शब्दांवर मी अडले. आमच्या मंडळीतून एक पाळक तिथवर गेले, आणि त्यांना अडवायला मी माझ्याकडून एक मत खर्च केलं होतं. म्हणून लिहिते आहे.

मार्ग आधी सांगून टाकते. बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, भावाची झालेली असेलच. त्यापुढची एम.टीएच. असेल तर कमिट्यांवर नाव लवकर जातं, विषय कोणताही असो. त्यानंतर डायोसिसची, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या विभागाची, कामं अंगावर येतात: युवकांचं काम, शाळांचं बोर्ड, मालमत्तेची कमिटी. तिथून डायोसिसन काउन्सिल, आणि काउन्सिलमधून सिनॉडचे, म्हणजे चर्चच्या राष्ट्रीय सभेचे, प्रतिनिधी निवडले जातात. बिशपपदासाठी काउन्सिल मतदानानं नावं सुचवते, शेवटची निवड सिनॉडच्या हातात असते. सिनॉड दर तीन वर्षांनी भरते आणि बिशपांमधून मॉडरेटर, म्हणजे चर्चचा प्रमुख, निवडते. जनरल सेक्रेटरी व्हायला मात्र बिशप असावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसरी वाट नागपूरच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसची. ती संस्था 1914 पासून चालत आलेली आहे, तिथे वेगवेगळ्या चर्चेसची माणसं एकत्र काम करतात, आणि मंडळीत मुरलेल्या माणसाची तिथे किंमत होते. कागदावरचा मार्ग एवढाच.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते.

आमचं गाव जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या पट्ट्यातलं. मी शाळेत शिक्षिका होते, आणि पास्टरेट (एका पाळकाच्या देखरेखीखालचं क्षेत्र) कमिटीवर पंचवीस वर्षं, त्यातली अकरा सेक्रेटरी म्हणून. पाळक साहेब आमच्याकडे बदलून आले ते जून महिन्यात, दोन ट्रंका आणि पुस्तकांची सहा खोकी घेऊन. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली. मला वाटलं हिशेबाच्या वह्या बघायच्या असतील. त्यांनी दफन रजिस्टर काढलं. जाड, पाठीवर कापड लावलेलं, खालच्या कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेलं. रोज रात्री ते एकेक पान वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायचे: "बाई, ही अमुक नावाची बाई बाळंतपणात गेली, तिचं बाळ वाचलं का? त्या घरातलं आज कोण आहे?" त्यातल्या निम्म्या घरांची नावं मलाही नीट माहीत नव्हती. चार महिन्यांत ते कुठल्याही घरात जाऊन तीन पिढ्यांची चौकशी करू लागले. माझी आई सहज कुणाचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "हा माणूस आपल्या मेलेल्यांनासुद्धा ओळखतो."

त्या रजिस्टराचा उपयोग पुढे असा झाला. कबरस्तानाला लागून असलेली जमीन विकली गेली, आणि नव्या मालकानं तारेचं कुंपण सरळ आमच्या जुन्या कबरींवरून ओढलं. तलाठ्याकडे गेलो तर सातबाऱ्यावर कबरस्तानाची नोंदच नाही. मिशनच्या काळी तोंडी शब्दावर चाललेलं असणार, पुढे कुणी कागद केले नाहीत. पाळक साहेबांनी रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि तहसील कचेरीत जायला सुरुवात केली. अकरा खेपा झाल्या. सात खेपांना मी बरोबर होते. शेवटच्या वेळी त्यांनी ते रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं आणि बोटानं ओळ दाखवत नावं वाचायला लागले. नाव, वय, दफनाची तारीख. पुढचं पान. तहसीलदार साहेबांनी पाचसहा मिनिटं ऐकून घेतलं, मग मोजणीचा आदेश दिला. मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस आला तेव्हा पाळक साहेब चप्पल काढून कबरींमधून चालत होते आणि प्रत्येक दगडापाशी थांबून आत कोण आहे ते त्याला सांगत होते. कुंपण मागे सरकलं.

याच्या पुढच्याच वर्षी बिशपपदासाठी नावं सुचवायची होती. काउन्सिल एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. प्रार्थना झाली, मतपत्रिका वाटल्या. पाळक साहेबांचं नाव त्यात होतं. आमच्या पास्टरेटहून आम्ही तिघं गेलो होतो, आणि सगळ्यांना वाटत होतं आमची तिन्ही मतं ठरलेली आहेत. मी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसले. मनात एकच विचार होता: हे गेले तर पुन्हा दोन वर्षांनी बदलणारे, रविवारी उपासना उरकून मोटरसायकल सुरू करणारे पाळक येतील. मी दुसऱ्या नावावर खूण केली. पाळक साहेब तीन मतांनी मागे पडले. माझ्या एकटीच्या मतानं काही उलटलं नसतं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन वर्षांनी मी त्यांना सांगितलं. त्यांच्या ओट्यावर, वहिनी चहा ओतत असताना. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही मंडळी वाचवायला गेलात. पण आपलं कबरस्तान आपण वाचवलं. बाकीची कोण वाचवणार? वर कुणीतरी बसल्याशिवाय ती कामं होत नाहीत."

इथून आमचा वाद सुरू झाला तो तीसेक वर्षं चालू आहे. माझं म्हणणं असं: आमच्या आजोबांच्या पिढीला बिशप हा शब्दच परका होता. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल होत्या. आपला पाळक आपण निवडायचा, त्याला ठेवायचं का पाठवायचं ते आपण ठरवायचं. 1970 साली 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी 1929 पासून चाललेली होती, आणि त्यात आम्ही पुष्कळ काही मिळवलं हे मला मान्य आहे. पण शिडी आली. शिडी आली की चांगला पाळक म्हणजे पुढच्या पायरीला योग्य पाळक असं लोक समजू लागले. मी त्यांना कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण द्यायची. मराठी ख्रिस्ती माणसाला आजही सगळ्यात जवळचं वाटणारं नाव, उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की ते भेटतात. त्यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला. दोन वर्षांनी वारले. कुठलं मोठं पद होतं त्यांच्याकडे? पाळक साहेब म्हणायचे, "टिळक हे टिळक होते. त्यांना तहसीलदाराकडे जावं लागलं नाही."

पुढे ते गेलेच. बिशप नाही झाले. एका राष्ट्रीय पातळीवरच्या मंडळाचं सेक्रेटरीपद त्यांना आलं आणि ते दिल्लीला गेले. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं नाही, चहाची व्यवस्था बघितली.

त्यांच्यानंतर सात महिने आम्हाला पाळक नव्हता. तीस किलोमीटरवरच्या पास्टरेटचे पाळक आमचा चार्ज सांभाळायचे. त्या सात महिन्यांत माझी आई गेली, ऑगस्टमध्ये, ओढ्याला पूर आलेला. चार्जवाले पाळक पलीकडच्या काठावर अडकले. दुपारी तीनपर्यंत वाट पाहिली. मग मी आणि मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद, आम्ही दोघांनी उपासनेच्या पुस्तकातून दफनविधी चालवला. मातीच्या वेळचं वाक्य मी वाचलं. रजिस्टरात नोंद मीच केली, आईचं नाव, वय, तारीख. "विधी कुणी चालवला" या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून मी तो मोकळा सोडला.

रात्री पाळक साहेबांचा फोन आला. मी त्यांना फार बोलले. तुम्ही इथे असता तर, वगैरे. ते सगळं ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच विचारलं, "नोंद केली का?"

त्या वेळी मला तो प्रश्न कोरडा वाटला. नंतर कळलं की दिल्लीत ते हेच करत होते. जी मंडळी भेटेल तिला सांगत होते की तुमची रजिस्टरं काढा, प्रती करा, जमिनीचे उतारे तपासा, ट्रस्टी बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करा. हे काम राष्ट्रीय जागेवर बसलेल्या माणसानं सांगितलं तरच लोक ऐकतात. हे मी मान्य करते. माझी खूण चुकली नव्हती असं मला आजही वाटतं. चुकलं ते एवढंच, की काउन्सिलच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन तोंडावर सांगायला हवं होतं, "साहेब, मी तुम्हाला मत देणार नाही, आम्हाला तुम्ही इथे हवे आहात."

तेव्हा तुमच्या भावासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. एका मंडळीत निदान आठ वर्षं राहू दे. बदली आली तर मंडळीनं डायोसिसला पत्र लिहून थांबवावी, तशी पत्रं लिहिलेली मी पाहिली आहेत आणि कधीकधी त्यांचा उपयोग होतो. मालमत्तेच्या कमिटीवर जाऊ दे, पण कागद वाचता येईपर्यंत तिथे सही करू नये. भाषणाच्या कार्यक्रमांना कमी जावं. आणि त्याला जायचंच असेल तर त्यानं आपल्या मंडळीला आधी सांगावं आणि आपल्या मागे कोण येणार हे ठरल्याशिवाय निघू नये. हे शेवटचं पाळणारा मला आजवर कुणी भेटला नाही, आमचे साहेबसुद्धा नाहीत. परवा ते गावी आले होते तेव्हा मी त्यांना हे बोलून दाखवलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही, मान हलवली.

हे सगळं आमच्या चर्चपुरतं आहे. मेथोडिस्ट चर्च 1981 पासून भारतात स्वायत्त आहे, त्यांची बिशप निवडण्याची पद्धत निराळी. कॅथलिकांचं पूर्ण वेगळं, तिथे नेमणूक रोमहून होते. आणि ज्या डायोसिसमध्ये पाळक कमी आणि मंडळ्या पुष्कळ, तिथे आठ वर्षांचा हट्ट धरणं जमेलच असं नाही.

इंग्रजीचं राहिलं. हो, लागतं. सिनॉडची कागदपत्रं इंग्रजीत असतात, बैठकांत हिंदीही चालते. साहेबांनी चव्वेचाळिसाव्या वर्षी पहाटे उठून इंग्रजी पक्कं केलं, माझ्याकडून शाळेतली व्याकरणाची पुस्तकं नेऊन. ओळखींबद्दल विचारलंत, तर त्या कमिट्यांमधून आपोआप होतात, मुद्दाम करायला जाऊ नये.

भाऊ सध्या कुठल्या मंडळीत आहे आणि तिथे येऊन किती वर्षं झाली ते कळवा. तिथलं दफन रजिस्टर कुणाकडे असतं, तेही विचारून ठेवा.