पुस्तकांसाठी भिंतीत कपाट करतोय, १८ मिमी प्लायच्या ३ फुटी फळ्या चालतील का?

नाही, पुस्तकांसाठी मधे आधार नसलेली ३ फुटी फळी करू नका. १८ मिमी प्लायला दोन, फार तर सव्वादोन फूट पुरे. फर्निचरच्या कामात हे नेहमी दिसतं: फळी मोडत नाही, हळूहळू मधे बसते, आणि एकदा बसली की पुस्तकं काढूनही पूर्ण सरळ होत नाही. कारण फळीभर सारखं वजन असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोनाचे तीन फूट केले की तोच प्लाय पाचपट वाकतो. जाडी २५ मिमी केली तरी बाक दोन फुटी फळीच्या जवळजवळ दुप्पट राहतो. म्हणून मधे एक उभी फळी घ्या, पैसे जाडीवर घालवू नका. तीन फूटच हवे असतील तर:

- पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून
- मागे भिंतीला पूर्ण लांबीची आधारपट्टी

आणखी एक, कापायच्या आधीच सुताराला सांगा: प्लायच्या वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने हवेत. शीट वाचवायला फळ्या आडव्या कापल्या की त्या लवकर बसतात, आणि वर मायका चढल्यावर ते ओळखूही येत नाही. घड्या घातलेले कपडे किंवा हलक्या वस्तू ठेवणार असाल तर मात्र ३ फूट चालतात.