कोसीची वाट आणि देशाची सीमा

प्रश्न : कोसी नदीचा उगम नेमका कोणत्या देशात आहे? ती वारंवार पात्र का बदलते? २००८ साली तिचा बांध नेपाळात फुटला, मग दोष बिहारला का दिला गेला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोसीला एकच उगम नाही. सुनकोसी, अरुण आणि तमोर हे तिचे तीन मुख्य प्रवाह पूर्व नेपाळात त्रिवेणी येथे एकत्र येतात. त्यांपैकी अरुण तिबेटात उगम पावते आणि मकालू व कांचनजंगा यांच्या दरम्यान हिमालय आरपार कापून दक्षिणेस उतरते. पर्वत उंचावण्यापूर्वीपासून ही नदी वाहत असावी, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात.

पात्र बदलण्याचे मूळ गाळात आहे. चतरा येथे नदी डोंगरातून बाहेर पडते, तिचा उतार एकदम कमी होतो आणि पर्वतातून आणलेला प्रचंड गाळ ती तिथून पुढे टाकत जाते. पात्र उथळ होऊन भरत आले की पाणी शेजारची सखल वाट धरते. अशा रीतीने तयार झालेल्या पंखाकृती मैदानावर कोसी सुमारे दोन शतकांत शंभरहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली. एके काळी ती पूर्णियाजवळून वाहत असे. भारत-नेपाळ सीमा याच मैदानावरून जाते, हे या नदीच्या राजकारणाचे खरे कारण म्हणावे लागेल.

२५ एप्रिल १९५४ रोजी दोन्ही देशांत करार झाला. त्यानुसार सीमेलगत भीमनगरजवळ ५६ दरवाजांचा बंधारा आणि दोन्ही तीरांवर मातीचे बांध उभारण्यात आले. नदी जखडली गेली, पण गाळ येतच राहिला. बांधांच्या आतले पात्र बाहेरच्या जमिनीहून उंच होत गेले, आणि आत राहिलेल्या शेकडो गावांना दरवर्षीचा पूर सोसावा लागला. १८ ऑगस्ट २००८ रोजी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस कुसहा येथे पूर्वेचा बांध फुटला, तेव्हा प्रवाह सुमारे दीड लाख क्युसेक होता. बांध मात्र साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला होता. त्यामुळे या घटनेला केवळ नैसर्गिक पूर म्हणणे मला पटत नाही. नदीने पूर्वेकडच्या आपल्या जुन्या वाटा धरल्या आणि सुपौल, मधेपुरा, अररिया या जिल्ह्यांतील लाखो लोक बेघर झाले.

कुसहा नेपाळात असले, तरी करारानुसार बंधारा व बांध यांची देखभाल भारताकडे आहे आणि ते काम बिहारचा जलसंपदा विभाग पाहतो. दोष बिहारकडे आला तो यामुळे. भारतीय अभियंत्यांनी मात्र नेपाळमधील स्थानिक अडचणींमुळे वेळेवर दुरुस्ती करता आली नाही, अशी बाजू मांडली होती.