दुपारी चारचा फोन

“गाडीवर गेले की फोनवर नुसते खेकसतात. घरी आले की दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात. पूर्वी असे नव्हते. पिण्याबिण्याची सवय तर लागली नसेल ना?”

पुण्याजवळच्या चाकण, मोशी, निगडी, तळेगाव या पट्ट्यात लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांच्या घरून समुपदेशनाला येणाऱ्या ताईंचा हा नेहमीचा प्रश्न. मनात भीती दोन गोष्टींची असते, दारूची आणि दुसऱ्या बाईची. कधी यांतलं काही निघतंही. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासायची राहून जाते. माणूस जेवतो कधी, काय आणि किती तासांच्या अंतराने? ओळख पटेल असे तपशील बदलून, दोघांच्या परवानगीने एका घराची हकिकत देत आहे.

घर मोशीचं. नवरा त्रेचाळीस वर्षांचा, एकोणीस वर्षं गाडीवर. चाकणहून गाड्यांचे सुटे भाग भरून बंगळुरूजवळच्या होसूरला न्यायचे, तिकडून परतीचा माल मिळेपर्यंत थांबायचं आणि यायचं. एका बाजूचं अंतर साधारण नऊशे किलोमीटर, खेप आठ-नऊ दिवसांची. पहिल्या भेटीला ताई एकट्याच आल्या. “मी काही बोलले की फोन आपटतात,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांना एकच काम दिलं. मोबाइलमध्ये कॉलची यादी असतेच. गेल्या तीन आठवड्यांतले फोन वेळेसकट वहीत उतरवायचे आणि ज्या फोनवर भांडण झालं त्यापुढे फुली मारायची. कोण चुकलं ते लिहायचं नाही.

वही आली तेव्हा चौदा फुल्या होत्या. त्यांतल्या अकरा दुपारी साडेतीन ते सहाच्या मधल्या. उरलेल्या तीन होसूरच्या कारखान्याच्या गेटवर गाडी उभी असतानाच्या. स्वभावातला राग असा घड्याळ बघून येत नाही. चिडका माणूस सकाळीही चिडतो, रात्रीही चिडतो. वेळ ठरलेली असेल तर कारण बहुतेक शरीरात किंवा दिवसाच्या आखणीत असतं.

दादा तिसऱ्या भेटीला आले ते बायकोच्या आग्रहाखातर. अशा माणसाला “तुम्हाला राग का येतो?” असं विचारून काही हाती लागत नाही. तो म्हणतो, “रस्त्यावर या, मग कळेल.” त्याचं खरंही असतं. म्हणून रस्त्याबद्दलच विचारलं. मागच्या खेपेला गाडी गेटबाहेर पडल्यापासून कुठे थांबलात, काय खाल्लं, किती वाजता? चालकाला हे टोलनाक्यांच्या क्रमाने पाठ असतं.

रात्री अकराला चाकणहून निघाले. शिरवळच्या पुढे ढाब्यावर एक वाजता दाल तडका आणि पाच तंदुरी रोट्या. दोन ते साडेपाच झोप. खंबाटकी पहाटेच चढून गेले. आठ वाजता कराडजवळ चहा आणि दोन खारी, त्यासोबत मधुमेहाची गोळी. मग निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी. मधे चार चहा आणि तंबाखूचा मावा. चार वाजता हावेरीच्या आसपास घरून फोन. पुढचं जेवण रात्री दहाला, चित्रदुर्गच्या अलीकडे.

म्हणजे खारीनंतर चौदा तास पोटात धड काही नाही.

गोळीचं नाव विचारलं तर ती ग्लिमेपिराइडची होती. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवला असो वा नसो. जेवण चुकलं की साखर घसरते. मग घाम, हाताला कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे धूसर, आणि या सगळ्याच्या आधी किंवा सोबत चिडचिड. मेंदूला इंधन कमी पडलं की सबुरी आधी जाते. दादांना घाम यायचा, पण तो केबिनच्या उकाड्याचा वाटायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली. त्यांची गाडी त्याआधीची.

गोळी बदलणं, कमी करणं हे समुपदेशकाचं काम नाही आणि चालकाने ते मनाने तर अजिबात करू नये. दादांना दोन गोष्टी करायला सांगितल्या. साखर तपासायचं छोटं यंत्र गाडीत ठेवून पुढच्या खेपेत दुपारी चारला आणि रात्री जेवणाआधी आकडा लिहायचा, आणि तो कागद जेवणाच्या वेळांसकट डॉक्टरांना दाखवायचा. दुसऱ्याच दिवशी चारचा आकडा ६१ आला. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी. डॉक्टरांनी कागद पाहून औषध बदललं. दवाखान्यात हे आधी कळलं नव्हतं, कारण तिथे तपासणी सकाळी उपाशीपोटी व्हायची आणि “जेवण वेळेवर आहे का?” याला दादा “हो” म्हणायचे. त्यांच्या लेखी रात्रीचं दहा वाजताचं जेवण रोज वेळेवरच होतं.

गाडीवर अशी साखर उतरली तर काय करायचं, हे क्लीनरलाही माहीत हवं. गाडी कडेला घ्यायची, चावी काढायची. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा सत्तरच्या खालीच असेल तर तेच पुन्हा. मग पोळी, भाकरी, काहीतरी टिकणारं खायचं. बरं वाटलं म्हणून लगेच स्टिअरिंग धरायचं नाही. आकडा सुधारल्यावरही पाऊण तास थांबायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. परतीच्या वाटेवर तर याला जास्तच जपायला हवं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा अपघातांचा उतार पुण्यात कुणाला सांगायला नको. नऊशे किलोमीटर करून, उपाशीपोटी, घर जवळ आल्याच्या घाईत माणूस तिथे पोचतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. असा निर्णय थकलेल्या, भुकेल्या डोक्याकडून सहज होतो.

औषध बदललं आणि पुढच्या दोन खेपांत फुल्या पाचवर आल्या. बंद झाल्या नाहीत. कारण दुपारचं जेवण अजूनही चुकत होतं.

का, ते सांगायला दादांना चौथी भेट लागली. मालक जेवणाखाणाचे दिवसाला तीनशे रुपये देतो. ढाब्यावर एक जेवण दीडशेला पडतं. दुपारचं टाळलं की दीडशे वाचतात, महिन्याच्या अठरा दिवसांचे सत्तावीसशे. मुलीच्या क्लासची फी अडीच हजार. ताईंना वाटत होतं फी पगारातून जाते. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत आणि आम्हीही बोललो नाही. अशा वेळी समजूत घालायची घाई करू नये.

मग तिघांनी बसून हिशेब मांडला. दिवसाचे सहा चहा पंधरा रुपयांनी नव्वद, तीन मावे वीसने साठ. दुपारच्या जेवणाइतकेच पैसे इथे जात होते, आणि भूकही इथेच मरत होती. तंबाखूतल्या निकोटिनने भूक दबते. गोड चहात दीड-दोन चमचे साखर, म्हणजे सहा चहांत नऊ ते बारा चमचे. ती तात्पुरती तरतरी देते आणि उतरते. चहा तीनवर आले. मावा सुटला नाही, दिवसाला एकावर आला. तो सोडवायचं काम वेगळं आहे, त्याला वेळ द्यावा लागतो.

बाकीची सोय डब्याने झाली. इथे ताईंचं ज्ञान कुठल्याही तक्त्यापेक्षा पक्कं होतं. निघण्याच्या दिवशी दुधात भिजवलेल्या पिठाच्या बारा दशम्या आणि आठ धपाटी. पूर्ण गार झाल्याशिवाय बांधायची नाहीत. गरम बांधली की वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. सोबत शेंगदाण्याची आणि कारळ्याची कोरडी चटणी. ओलं खोबरं किंवा कच्चा कांदा घातलेलं काही नको, उन्हाळ्यात केबिनमध्ये ते दिवसभरही टिकत नाही. शिजवलेला भात तर न्यायचाच नाही. फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे अर्धा-अर्धा किलो, हाताशी येतील असे. सीटच्या मागच्या पेटीत ठेवले तर चालत्या गाडीत ते नसल्यासारखेच. दशम्या-धपाटी पहिले दोन दिवस पुरतात. तिसऱ्या दिवसापासून कडक भाकरी. नीट वाळवलेली असेल तर ती आठवडाभर बिघडत नाही. ढाब्यावर नुसती डाळ घेऊन त्यात कुस्करायची, खर्च निम्म्यावर येतो.

ढाब्यावर मागायचं कसं, हेही ठरवलं. “दाल, तडका वेगळा” म्हटलं की वरचं तेल आपल्या हातात राहतं. तंदुरी रोटीत बऱ्याच ठिकाणी मैदा असतो, म्हणून तव्याची चपाती किंवा भाकरी. निपाणीपासून हुबळीपर्यंत साध्या खानावळींत ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगा चटणी मिळते. ती दुपारच्या जेवणाला उत्तम. पुढे चित्रदुर्ग-तुमकूरकडे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे (मुद्दे) आणि भात. साखर असलेल्याने भात मोजून घ्यावा. आणि जेवणाची वेळ घड्याळाबरोबर जागेशी बांधली: “बेळगाव ओलांडायचं ते जेवूनच.” चालकाच्या डोक्यात जागा पक्की बसते, वेळ बसत नाही. रात्रीचं जड जेवण करून लगेच पुढे निघायचं, हे मात्र बंद करावं लागलं. पहाटे दोन ते पाच शरीराला झोप हवीच असते, त्यात पोट भरलेलं असलं की डोळा लागतोच.

केबिनमध्ये छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक करावा का, असं दादांनी विचारलं. बंद केबिनमध्ये नाही, काचा थोड्या उघड्या ठेवूनही नाही. आगीचा धोका आहेच, शिवाय जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही. उघड्यावर, गाडीपासून आणि डिझेलच्या टाकीपासून लांब, ढाबेवाल्याला विचारून करायचा तर ठीक.

फोनचं ठरवताना जरा वादावादी झाली. “जेवलो” असा निरोप रोज पाठवायचा म्हटल्यावर ताई म्हणाल्या, “मी काय ह्यांच्यावर पहारा ठेवू?” बरोबरच होतं. शेवटी असं ठरलं की फोन दादांनीच करायचा, जेवण झाल्यावर, गाडी उभी असताना. हप्ता, फी, सासूबाईंचं औषध हे विषय त्या वेळी. चारला फोन करायचाच नाही. त्या वेळेला फोन करायची ताईंना सवय होती कारण मुलगी क्लासला जायची आणि घर शांत व्हायचं. त्यांचीही ती एकटेपणाची वेळ होती, हे दादांना पहिल्यांदा कळलं.

घरच्या ताटाचा गुंता सुटायला सोपा निघाला. गाडी येणार म्हणून ताई चिकन-वडे करून वाट बघायच्या. दादा वाटेत ढाब्यावर जेवलेले आणि दोन रात्रींची झोप राहिलेली. आता खेड शिवापूरच्या टोलवर थांबून दादा “भूक आहे” किंवा “झोपणार” एवढं कळवतात. आल्या दिवशी मऊ भात, मेतकूट आणि ताक. चिकन दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी घरी असताना.

होसूरच्या गेटच्या तीन फुल्या मात्र या कशानेही गेल्या नाहीत. तिथे गाडीला नंबर लागेपर्यंत वीस-पंचवीस तास जातात. रांग कधी सरकेल सांगता येत नाही म्हणून गाडी सोडून जेवायला जाता येत नाही. शौचालय दूर म्हणून माणूस पाणीच कमी पितो, मग लघवीला जळजळ, पोट साफ नाही. हा राग खरा आहे आणि तो समजुतीने घालवायचा नाही. करता आलं ते एवढंच: गेटवर पोचल्याबरोबर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, आवक वेळ लिहून सही-शिक्का घ्यायचा, फोटो मालकाला पाठवायचा. म्हणजे हॉल्टिंगचे, गाडी थांबून राहिल्याचे, पैसे मागताना तोंडी वाद राहत नाही. एका चालकाने जेवायला जायचं, मागच्याने त्याची गाडी सांभाळायची, अशी जोडी आता दोघा-तिघांनी जमवली आहे.

ज्या घरांत वहीतल्या फुल्यांना काही वेळच सापडत नाही, साखर नीट आहे, जेवण-झोप सुधारूनही महिनाभरात फरक नाही, किंवा माणूस “आता गाडी कठड्यावर घालावी” असं काही बोलतो, तिथे डब्यावर थांबू नये. मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि ढाब्यावरच्या खाटेवरूनही लावता येतो. मारहाण होत असेल तर आधी बाई-मुलांची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

मोशीच्या घरातला भत्त्याचा प्रश्न अजून बाकी आहे. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता, आणि त्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. दादांच्या मालकाकडे नऊ चालक आहेत. भत्ता तीनशेवरून चारशे करावा म्हणून चौघांनी मिळून बोलायचं ठरलं आहे. ढाब्यांची तीन महिन्यांची बिलं दादांनी त्यासाठी जपून ठेवली आहेत, ताईंच्या त्याच वहीत.