सावलीत काळा मिसळू नकोस

भाऊ, गेमसाठी तू कॉम्प्युटरवर रंगवलेली भालाधारी योद्धी पाहिली. रेषा दमदार आहे, पण अंगावरची सावली मळकट दिसते. त्वचेच्या रंगात तू सरळ काळा मिसळलायस, म्हणून.

उद्या दुपारी जळगावकडच्या कुठल्याही केळीच्या बागेत जाऊन उभा राहा. उन्हातलं पान पिवळसर हिरवं दिसतं, सावलीतलं निळसर. पानाच्या खालून वर पाहिलंस, तर ऊन आरपार येऊन ते पोपटी पेटलेलं दिसेल. मागून उजेड आला की कानाची पाळी अशीच लालसर होते, ती तर तू राखाडीच ठेवलीस! सावलीचा रंग नुसता गडद करू नकोस, ऊन पिवळं असेल तर तो थोडा निळ्या-जांभळ्याकडे सरकव. हनुवटीखाली जमिनीवरून उसळलेला उजेडही हलकाच दे.

आणि तो मऊ एअरब्रश, म्हणजे रंग फवाऱ्यासारखा पसरवणारा ब्रश, आधी बाजूला ठेव. सगळ्या कडा धूसर झाल्या की चेहरा उशीसारखा फुगतो. नाकाची सावली कडक कडेची हवी, गालाची मऊ.

सावलीसाठी मल्टिप्लाय लेयर (खालचे रंग गडद करणारा थर) चालेल, पण सगळ्यात वर एक राखाडी लेयर कलर मोडवर ठेवून मधूनमधून तपास; त्याने रंग जाऊन नुसता उजेड-अंधार दिसतो. गेममध्ये ती बोटाएवढीच दिसणार, तेव्हा चित्र लहान करूनही बघ. चेहरा आणि भाला वेगळे ओळखू आले, की मगच दागिन्यांना हात लाव.