टॅनग्रॅम वापरून गोष्ट आणि गणित एकाच तासाला कसे शिकवावे?
आधी गोष्ट आणि मग गणित, हा क्रम मला योग्य वाटतो. मूळच्या चिनी असलेल्या या कोड्याच्या ७ तुकड्यांतून (५ त्रिकोण, १ चौरस, १ समांतरभुज चौकोन) प्रत्येक गटाने मांजर, होडी किंवा घर रचावे आणि आधीच्या गटाची गोष्ट आपल्या आकृतीने पुढे न्यावी. नंतर लहान त्रिकोणाचे क्षेत्रफळ १ एकक मानून बाकीचे तुकडे मोजायला सांगावे: मधला त्रिकोण, चौरस व समांतरभुज चौकोन प्रत्येकी २, मोठे त्रिकोण प्रत्येकी ४, एकूण १६. सातही तुकडे वापरून मांजराची होडी केली, तरी क्षेत्रफळ १६ एककेच राहते, हे मुलांना तुकडे हलवूनच उमगू द्यावे; शिक्षकाने ते आधी सांगून टाकले, तर शोधाचा आनंदच जातो. समांतरभुज चौकोन मात्र कधी कधी उलटून ठेवावा लागतो, आणि प्रतिबिंबाची ओळख तिथेच करून द्यावी.